मदत हवी? मग आधी कप भरा

मस्कतला मी काय काम करते असं कुणी विचारलं, की माझे यजमान घाईघाईने सांगायचे, "ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे." लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि मायक्रोस्कोप येतो, आणि पुढचे प्रश्न टळतात. खरं सांगायचं तर माझ्या नोकरीची बरीच वर्षं लोकांच्या हातात रिकामा कप देण्यात आणि भरलेला परत घेण्यात गेली. वादी कबीरच्या आमच्या क्लिनिकमध्ये आसपासच्या वर्कशॉपमधली माणसं यायची, कंपन्यांचे ड्रायव्हर यायचे. नोकरीसाठी नशेची तपासणी करून घ्यायची असली की ती माझ्याकडे.

या तपासणीत विद्वत्ता फारशी नाही, पोलिसगिरीच जास्त आहे. संडासाच्या टाकीत निळा रंग घालायचा, म्हणजे कुणी तिथलं पाणी कपात मिसळलं तर कळतं. नळ बाहेरून बंद करायचा. कपाच्या बाहेर तापमानाची पट्टी असते. नमुना माणसाच्या अंगाइतका गरम हवा, गार असेल तर तो कुणाच्या तरी घरून बाटलीत आलेला असतो. एक क्रेन ऑपरेटर तर थर्मास घेऊन आला होता. त्याच्या कपाची पट्टी शेवटच्या आकड्याच्याही वर गेली. मी म्हटलं, "भाई, इतना बुखार होता तो आप चलके नहीं आते." त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि "चाय है मॅडम, पिओगे?" असं मलाच विचारलं. मी नको म्हटलं.

शेवटची तपासणी पाण्याची. क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ शरीर रोज ठरावीक मापाने लघवीतून बाहेर टाकतं. तो फार कमी दिसला, तर माणसाने भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ केलेली असते. मग रिपोर्टवर 'पातळ नमुना' असं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. पातळ म्हणजे नशेचा असं नव्हे. पातळ म्हणजे आज काही सांगता येत नाही, एवढंच. हे वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलं, आणि एकाच्याही डोक्यात ते का शिरलं नाही, त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या मराठी लोकांचं तिथे एक मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, झालंच तर नाटकाचा एखादा प्रयोग. त्याच मंडळाचा एक मदतनिधी होता. कुणाची नोकरी गेली, कुणाचं माणूस गेलं, तर त्यातून घरभाडं किंवा परतीचं तिकीट द्यायचे. काम खरोखर चांगलं होतं, आम्ही सगळेच त्यात दरवर्षी काही ना काही घालत होतो. अध्यक्ष होते करंदीकर साहेब. मदिनत सुलतान काबूसला मोठा व्हिला, स्वभाव गोड, आवाज त्याहून गोड. माणूस वाईट नव्हता, हे मी आत्ताच सांगून ठेवते. वाईट असता तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

झालं असं, की निधीतून तिकीट काढून दिलेला एक पेंटर विमानतळावर झिंगलेला सापडला आणि त्याला विमानात घेतलं नाही. तो दारू प्यायला होता. पण कमिटीत चर्चा सुरू झाली ती नशेच्या गोळ्यांची, गांजाची आणि आजकालच्या पोरांची. करंदीकर साहेब म्हणाले, "आपला घामाचा पैसा कुणाच्या व्यसनात जाता कामा नये. मदत मागणाऱ्याची आधी तपासणी व्हावी." कुणीतरी टेबलावर थाप मारली. लॅबमधली म्हणून मलाही बोलावलं होतं. दारूसाठी ही तपासणी काही कामाची नाही, हे मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "शुभदाताई, सुरुवात तर होऊ दे."

मी विचारलं, "मग देणगी देणाऱ्यांचीही करायची का? घामाचा पैसा आहे की नाही, तेही कळेल."

सगळे हसले. माझा विनोद म्हणून तो बरेच दिवस सांगितला जात होता. मी विनोद केला नव्हता.

आमच्या मॅनेजरने मंडळाला स्वस्तात तपासणी करून द्यायचं कबूल केलं, आणि मी मराठी, मंडळाची सभासद आणि बाई, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. नियम असा ठरला, की दोष आढळला किंवा नमुना पातळ निघाला तर अर्ज तीन महिने स्थगित. पातळला स्थगिती कशाला, असं मी विचारलं. त्यावर खजिनदार म्हणाले, "ताई, ज्याच्या मनात काही नाही तो पाणी का पिईल?" उन्हाळ्यात मस्कतमध्ये माणूस पाणी का पिईल, असा प्रश्न पडलेला तो एकच इसम मी पाहिला.

पहिले आले ते मस्कतबाहेरच्या बरका गावचे दस्तगीरचाचा. मूळचे श्रीवर्धनकडचे, तिथल्या मासळी बाजारातून माल भरून गाडी मस्कतला आणायचे. डोळ्यात पडदा आला आणि गाडी सुटली, तेव्हा त्यांना घरी परतायचं होतं. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. मी कप पुढे केला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात काय बघनार, बेटा?"

मी सांगितलं. नशा बघतात, म्हटलं. मग त्यांनी कप टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाले, "तुझा काय कसूर नाय. तू तुझा काम करतंस. पन मी पाच वक्ताची नमाज पडनारा मानूस, मना ह्या वयात हे जमनार नाय. खलास." आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले. कमिटीच्या कागदावर त्यांची नोंद 'तपासणीस नकार' अशी झाली. त्यांना घरी कुणी पाठवलं, ते मला नंतर कळलं. मासळी बाजारातल्या पठाण हमालांनी.

दुसरा एक पोरगेलासा वेल्डर आला. त्याचे डोळे, बोटं, बोलणं, सगळं मला जे सांगायचं ते सांगत होतं. तो आठवडाभर सगळं सोडून तपासणीला आला. अगदी टवटवीत नमुना दिला आणि मदत घेऊन गेला. ज्याला नशेची माहिती असते त्याला तपासणीचीही असते. कमिटीला हे समजावून सांगण्याचं मी एव्हाना सोडून दिलं होतं.

मग सुषमा आली.

सुषमा घाग, देवरुखजवळची. नवरा एका सुपरमार्केटच्या मालाची गाडी चालवायचा. मे महिन्यात गोदामात माल उतरवताना छातीत कळ आली आणि तिथेच गेला. मागे ही आणि मुलगी तन्वी. तन्वी वादी कबीरच्याच शाळेत बारावीला होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. नवऱ्याच्या अरबाबाने, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाने, मायलेकींचा व्हिसा परीक्षेपर्यंत चालू ठेवला. त्या माणसाने तिच्याकडे कुठलाच पुरावा मागितला नाही, फक्त मुलीला शिकवा म्हणाला. सुषमा घरी डबे करायची. वादी कबीरच्या एकट्या राहणाऱ्या पोरांना आणि आमच्या मंडळातल्या काही घरांना तिचा डबा जायचा. कुळथाचं पिठलं, घावन, वालाचं बिरडं, हाताला चव होती. त्यात दोघींचं खाणं निघायचं, घरभाडं निघत नव्हतं. परीक्षा होईपर्यंत भाड्याला हातभार लावावा, एवढाच तिचा अर्ज होता. इतका साधा अर्ज मंडळाकडे क्वचित आला असेल.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ती क्लिनिकमध्ये आली. सोबत तन्वी, शाळेच्या गणवेशात. सुषमा ठेवणीतली साडी नेसून आली होती, लग्नाला जावं तशी. बाईमाणसाचा नमुना असला तरी दार किलकिलं ठेवून मी बाहेर उभं राहायचं, असा आमचा नियम होता. ती आत बसली आणि बराच वेळ काही आवाज नाही. मग तिचा दबका आवाज आला, "ताई, तुम्ही जरा तिकडं तोंड करा." मी पाठ फिरवली. नियमात ते बसत नव्हतं.

कप हातात आला आणि मला पाहताक्षणी कळलं. पाण्यासारखा स्वच्छ. मशीननेही तेच सांगितलं. नशेचं काही नाही, पण नमुना पातळ.

"सुषमा, किती पाणी प्यायलीस गं?"

तिचा चेहरा उजळला. परीक्षेत येणारा प्रश्न विचारला गेल्यासारखी ती म्हणाली, "पहाटेपासनं पितेय. हे सांगायचे ना, मेडिकलला जाताना भरपूर पानी प्यायचं, म्हंजे लघवी साफ येते. मुंबईला एजंटनं सगळ्या पोरांना तसंच सांगितलेलं. सगळी पास झाली. बरोबर केलं ना मी?"

गल्फला येणारा आपला प्रत्येक माणूस हे ऐकून आलेला असतो. मेडिकलमध्ये 'अनफिट' शिक्का बसला की घर, कर्ज, सगळं बुडालं, म्हणून एजंटच्या खोलीत रात्रभर तांब्यावर तांबे रिचवायचे. नवऱ्याने कधीतरी कौतुकाने सांगितलेली ही युक्ती तिने जपून ठेवली होती. प्रामाणिक माणसाने चांगला दिसावं म्हणून केलेली तयारी होती ती, जशी ती साडी. मी तिला म्हटलं, उद्या परत ये, पाणी कमी पी. मॅनेजर म्हणाला, दुसरा नमुना मंडळाने सांगितल्याशिवाय नाही, त्यांनी एकाचेच पैसे ठरवलेत. रिपोर्ट गेला.

मी त्याच संध्याकाळी करंदीकर साहेबांना फोन केला. पाण्याची सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, "शुभदाताई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण एकीला सूट दिली की उद्या दुसरा विचारील. नियम म्हणजे नियम." आणि पारदर्शकता हवी म्हणून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कमिटीने संदेश टाकला, की एक अर्ज तपासणीतील दोषामुळे स्थगित करण्यात आला आहे. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, त्या महिन्यात अर्ज करणारी दुसरी कोण होती?

पुढच्या आठवड्यात तिचे डबे कमी होऊ लागले. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. आपली माणसं असं तोंडावर बोलत नाहीत. कुणाला अचानक डाएट करायचं होतं, कुणाची सासू येणार होती. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, पण जेवणात काही घालत नसेल ना?" मला आजही वाटतं, त्या बाईंच्या थोबाडीत द्यायला हवी होती. मी त्यांना क्रिएटिनिन समजावत बसले.

आणि एक दिवस तन्वी एकटीच क्लिनिकमध्ये आली. या पोरी तिथेच जन्मलेल्या. घरात मराठी ऐकतात पण बोलताना अडखळतात.

"आंटी, आईच्या टेस्टमध्ये काय मिळालं? प्लीज, मला खरं सांगा."

"काही नाही गं. ती पाणी जास्त प्यायली होती, एवढंच."

"मग सगळे असं का... असं का बघतात? माझ्या क्लासमध्ये पण माहीत आहे. दे आर सेइंग स्टफ."

मी पुन्हा करंदीकर साहेबांच्या घरी गेले. या खेपेला सोफ्यावर ठाण मांडून बसले आणि सांगितलं, दुसरी तपासणी मंजूर केल्याशिवाय मी उठत नाही, चहाही नको. ते खरोखर अस्वस्थ झाले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "करून टाका की एकदाची." मंजुरी मिळाली.

सुषमाला मी फोन करून हे कळवलं. ती म्हणाली, "तुमच्यासमोर परत बसायचं?" आणि मग स्वतःच, "तन्वीच्या परीक्षेसाठी. येते." या वेळी ती साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आली. आदल्या संध्याकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाहेर उकाडा आणि तिचे ओठ फुटलेले. नमुना गडद पिवळा, अगदी पुस्तकात दाखवतात तसा. सगळ्या तपासण्यांत स्वच्छ. मी तिला ग्लासभर पाणी दिलं, तर तिने आधी विचारलं, "आता प्यायलं तर चालेल ना?"

मदत मंजूर झाली. इथेच हे संपलं असतं तर मी ते लिहायला घेतलं नसतं.

करंदीकर साहेबांना मनापासून वाटत होतं, की सुषमाचं नाव उगाच खराब झालं आणि मंडळाने ते धुऊन काढायला हवं. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. कोजागिरीचा कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. बहुतेक सगळी मराठी घरं आलेली. मसाला दूध आटवायला सुषमालाच सांगितलं होतं, म्हणून मला बरंही वाटलं होतं. शाळेतली मुलं स्वयंसेवक होती, ट्रेमध्ये पेले घेऊन रांगांमधून फिरत होती. तन्वीही त्यांच्यात होती. गाणी झाली आणि साहेब माईकपाशी गेले.

"मंडळी, एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या भगिनी सुषमाताई घाग यांच्याविषयी काही गैरसमज पसरले होते. मला सांगायला अत्यंत आनंद होतो, की त्यांच्या लघवीची पुन्हा तपासणी केली असता ती पूर्णपणे स्वच्छ आढळली आहे. त्यांच्यात कोणत्याही मादक पदार्थाचा अंश नाही. सुषमाताई, जरा उभ्या राहा. मंडळी, जोरदार टाळ्या होऊ द्या."

आणि टाळ्या झाल्या. अगदी मनापासून झाल्या, पुढच्या रांगेतल्या काही बायकांचे डोळेही भरून आले. सुषमा उभी राहिली, कारण तिला उभं राहायला सांगितलं होतं. तिने हातही जोडले. मागच्या बाजूला मुलांच्या घोळक्यात कुणीतरी इंग्रजीत समजावून सांगितलं, कारण सगळ्यांना 'मादक' कळलं नव्हतं, आणि मग तिथून हसण्याचा एक फुत्कार आला. तन्वीने ट्रे जवळच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. रांगांमधून सरळ आईपाशी गेली, तिचे जोडलेले हात सोडवून एक आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "आई, बस कर आता. चल." तेवढी वाक्यं तिने कुठेही न अडखळता म्हटली. साहेब माईकवरून म्हणाले, "भावना अनावर झाल्या आहेत, आपण समजू शकतो." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तन्वी त्यानंतर शाळेत गेली नाही. शिक्षिका घरी येऊन गेल्या, मी जाऊन आले. मी तिला म्हटलं, चार महिन्यांचा प्रश्न आहे, कान बंद कर आणि पेपर दे. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. "आंटी, ते मला बघून कप असा हातात धरून दाखवतात."

दिवाळीनंतर दोघी देवरुखला गेल्या. मंडळाने तिकिटं काढून देण्याची तयारी दाखवली होती. सुषमाने नको म्हणून सांगितलं, ती अरबाबाने काढली. जाण्याआधी ती मला भेटायला आली. माझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी तिच्या परीक्षेसाठी सगळं केलं हो. बसा म्हटलं बसले, उठा म्हटलं उठले. आता तीच बसायची नाय म्हणते." त्या वर्षी तन्वीची बारावी बुडाली. पुढेही तिने परीक्षा दिली नाही. रत्नागिरीत एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असते असं कळलं. तिला पुढे फार्मसी करायची होती.

यानंतर मंडळाकडे मदतीसाठी एकही अर्ज आला नाही. वादी कबीर, बरका, कुठूनच नाही. माणसं अडत नव्हती असं नव्हे. ती पठाणांकडे गेली, मल्याळी लोकांकडे गेली, मशिदीत गेली, पण आपल्या लोकांकडे आली नाहीत. वार्षिक सभेत खजिनदारांनी हेच योजनेचं यश म्हणून वाचून दाखवलं. तपासणी सुरू झाल्यापासून खोटे अर्ज पूर्ण थांबले, असं त्यांचं म्हणणं होतं. निधी वाढला होता. टाळ्या झाल्या. मग करंदीकर साहेब उठले आणि म्हणाले, "आणि ज्यांच्यावर अन्याय झाला असं वाटलं, त्या सुषमाताईंना आपण जाहीर न्यायही दिला. कुठलं मंडळ असं करील?"

मी हात वर करून उभी राहिले. मी विचारलं, "साहेब, सुषमाने अर्ज कशासाठी केला होता, आठवतं का कुणाला?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पहिला नमुना पातळ होता हे त्या सभेत सगळ्यांना आठवत होतं, दुसरा स्वच्छ होता हेही आठवत होतं. एक जण म्हणाला, तिकिटासाठी असेल. दुसरा म्हणाला, आजारपण होतं ना काहीतरी? साहेब कपाळाला बोट लावून खरंच आठवत होते.

"मुलीला बारावीच्या परीक्षेला बसवायचं होतं," मी म्हणाले.

"हो, हो, बरोबर," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका आनंदाने फुलला, की मला त्यांच्याकडे बघवेना. "हुशार मुलगी. मग, कशी गेली तिची परीक्षा?"